मालक म्हणू नको म्हटलं, तर पोरगं बॉस म्हणायला लागलं

प्रश्न : बाई, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, चार माणसं. पंपाची कास्टिंगं मशीनिंगला येतात. गेल्या दिवाळीपासून जतकडचं एक पोरगं हेल्पर म्हणून लागलंय. ते मला ‘मालक’ म्हणायचं. मी स्वतः बारा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा होतो, त्यामुळे ते कानाला टोचायचं. एकदा म्हटलं, मालक म्हणू नको. दुसऱ्या दिवसापासून ‘बॉस’ सुरू झालं. ‘बॉस, टूल तुटलं.’ ‘बॉस, चहा सांगू?’ आता हे मालकापेक्षा बरं की वाईट, तेच कळेना. आणखी एक. आमच्या ड्रॉइंगवरही ‘बॉस’ असतो, म्हणजे कास्टिंगवर उचललेला गोल भाग. त्यात होल मारून आम्ही टॅप करतो. त्या बॉसचं आणि या बॉसचं काही नातं आहे का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. इतका नेमका प्रश्न ३१ वर्षं इंग्रजी शिकवताना मला एकाही वर्गात कुणी विचारला नाही.

आधी कास्टिंगवरचा बॉस, कारण तो पटकन उरकतो. त्याचं माणसाशी काही नातं नाही. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिकडे त्याचा अर्थ फुगवटा, टेंगूळ, कुबड. ढालीच्या मधोमध ठोकलेल्या उंचवट्यालाही इंग्रजीत बॉसच म्हणत. बोल्ट धरायला पत्रा किंवा भिंत पुरत नाही, तिथे जाडी द्यावी लागते, म्हणून तुमच्या कास्टिंगवर तो फुगवटा असतो. लग्नपत्रिकेवर बोट फिरवलं की उठावाचा गणपती हाताला लागतो. छापखान्यात त्याला ‘एम्बॉस’ म्हणतात, आणि ‘एम्बॉस’मधला बॉस म्हणजे तुमच्या ड्रॉइंगवरचाच. दोन शब्दांचे उच्चार कालांतराने सारखे झाले, एवढंच. आपल्याकडे ‘कर’ म्हणजे हातही आणि सरकारला भरायचा कर सुद्धा, तसंच हे.

माणसातला बॉस डच आहे. डच म्हणजे आपल्या जुन्या कागदांतले वलंदेज, ज्यांची वखार वेंगुर्ल्याला होती. त्यांच्या भाषेत ‘बास’ म्हणजे धनी, कामावरचा मुख्य, कारागिरांचा उस्ताद. उच्चार थेट आपल्या ‘बास झालं आता’ मधल्या बाससारखा. हे लोक सतराव्या शतकात अमेरिकेतही पोहोचले आणि १६२०च्या दशकात मॅनहॅटन बेटावर त्यांनी न्यू ॲमस्टरडॅम वसवलं. १६६४ साली इंग्रजांनी ते गाव घेतलं आणि त्याचं न्यूयॉर्क केलं. सत्ता गेली, पण बोली गल्लीबोळात राहिली. मुलांच्या डब्यात आपण जी कुकी देतो, ती डच. नाताळातला सांता क्लॉज डच. ब्रुकलिन आणि हार्लेम ही हॉलंडमधल्या गावांची नावं. आणि बंदरावर, सुताराच्या शेडमध्ये, लोहाराच्या भट्टीपाशी चालणारा ‘बास’ इंग्रजी तोंडात बसता बसता ‘बॉस’ झाला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. इंग्रजीत ‘मास्टर’ हा चांगला रुळलेला शब्द असताना अमेरिकेतल्या कामगारांना परका शब्द कशाला लागला?

कारण त्याच देशात लाखो गुलाम रोज आपल्या खरेदीदाराला ‘मास्टर’ म्हणत होते. शेजारच्या मळ्यावर साखळदंडातल्या माणसाच्या तोंडी जो शब्द, तोच आपल्या तोंडी कसा घ्यायचा? आठवड्याच्या मजुरीवर काम करणारा गोरा सुतार म्हणे, मी माझं काम विकतो, मला नाही विकलेलं. तो मास्टर म्हणेना. त्याची बायको घरकामाला गेली तर ती स्वतःला ‘सर्व्हंट’ म्हणवून घेईना, ‘हेल्प’ म्हणा म्हणे. तुमच्याकडचा ‘हेल्पर’ हा शब्दही याच घरातला. मग मास्टरच्या जागी काय? डच शेजाऱ्याचा बॉस हाताशी होता. त्याला अजून कुणाच्या पाठीवरच्या वळांची आठवण चिकटलेली नव्हती.

जेम्स फेनिमोर कूपर या अमेरिकन कादंबरीकाराने १८३८ साली यावर लेखी तक्रार केली. त्याचं म्हणणं असं, की मास्टर म्हणायला लाजणारे हे लोक बॉस म्हणतात, आणि डच भाषेत बॉसचा अर्थ मास्टरच होतो! कोशाच्या हिशेबाने कूपरचं अक्षरही चुकलेलं नाही. तरीही मी त्या सुताराच्या बाजूने उभी आहे. कोशात अर्थ असतो, पण शब्द कुणाच्या तोंडून किती वर्षं कसा निघत आला, ते कोशात नसतं. ते त्या सुताराने ऐकलं होतं. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली, आणि मजुरांनी आपल्या जिभेपुरतं तिला त्याआधीच वेगळं काढून ठेवलं होतं. तुमच्या जतच्या पोराने एका रात्रीत जे केलं, ते दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कामगारांनी केलं. फरक एवढाच की त्यांना कुणी ‘मास्टर म्हणू नका’ असं सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. ते मला फार आवडलं.

पण शब्दाची दुसरी वाटही तुम्हाला सांगायलाच हवी. वलंदेजांचं एक जहाज अमेरिकेकडे गेलं तसं दुसरं आफ्रिकेच्या टोकाकडे गेलं. १६५२ साली त्यांनी केपला ठाणं घातलं. तिथेही ‘बास’ उतरला, आणि तिथे तो काळ्या माणसाने गोऱ्याला म्हणायचा शब्द झाला. शेतावर, खाणीत, स्वयंपाकघरात. साठीचा काळा गडी विशीतल्या गोऱ्या पोराला ‘बास’ म्हणे, आणि तो गोरा पोरगा त्या साठीच्या माणसाला ‘बॉय’ म्हणे. १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारी धोरण झालं, तेव्हा गोऱ्यांच्या वर्चस्वाला जो शब्द राजकारणी उघड वापरत तो होता ‘बासस्काप’, म्हणजे बासपण. १९९४ साली सगळ्यांना मत मिळालं तोवर हे चाललं. एका किनाऱ्यावर ज्या शब्दाने माणसाने मास्टरपासून सुटका करून घेतली, दुसऱ्या किनाऱ्यावर तोच शब्द मास्टर होऊन बसला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

राजकारणातला बॉसही अमेरिकेचाच. विल्यम ट्वीड नावाचा पुढारी न्यूयॉर्क शहराची तिजोरी हातात धरून होता. त्याला लोक ‘बॉस ट्वीड’च म्हणत. व्यंगचित्रकार थॉमस नास्टने त्याला इतकं चितारलं, की तुरुंगातून पळून तो स्पेनला गेला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला चित्रावरून ओळखलं. १८७८ साली तो तुरुंगातच वारला. तेव्हापासून बॉसला थोडी दांडगाईची छटा आली, आणि मराठीने ती बरोबर टिपली. ‘दादागिरी’सारखा आपण ‘बॉसगिरी’ शब्द केला. वलंदेजी शब्द, अमेरिकेचं वळण, फारसी शेपूट, आणि बोलणारा विट्याचा. भाषेचं हे रूप मला फार गोड वाटतं.

तुम्हाला ‘मालक’ टोचतो, त्यालाही कारण आहे. तो अरबी. ज्या धातूपासून मालक, त्याच धातूपासून आपला ‘मुलूख’. ताबा, कब्जा हा त्याचा जीव आहे. लेथचे तुम्ही मालक आहात, त्यात शंका नाही. त्या पोराचे नाही. ‘साहेब’ही अरबीच, पण त्याचा मूळ अर्थ सोबती असा होता, हे किती जणांना खरं वाटेल? सोबत्याचा धनी व्हायला भाषेला काही शतकं लागली.

आता जरा माझं सांगते, कारण तुमच्या पत्राने मला मार्केट यार्डात नेलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांच्या टोळीचे मुकादम होते. हळदीचे सौदे सुरू झाले की ते पहाटे जात आणि रात्री येत. बनियनची पाठ पिवळी. आई ते बनियन वेगळं धुवायची, तरी बादलीतलं पाणी पिवळं व्हायचं आणि आमच्या शाळेच्या शर्टांना फिक्कट रंग लागायचा. शाळेत एका मुलीने विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, मुकादम आहेत. ती म्हणाली, म्हणजे हमालच ना. मी गप्प बसले. मुकादम हा शब्द मला तेव्हा हमालाहून फक्त बोटभर उंच वाटायचा.

बी.ए.ला असताना कोशात सहज पाहिला. अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला. मी तिथेच थांबले, कारण मला आबांची एक सवय आठवली. सुट्टीत डबा घेऊन गेले की मी ते कितीदा पाहिलं होतं. ट्रक लागायचा, फळी टाकली जायची, आणि टोळीतल्या कुणी हात लावायच्या आधी आबा वाकायचे. दोघं जण पोतं उचलून त्यांच्या पाठीवर ठेवायचे, आबा आकडा मागून अडकवायचे, आणि फळीवर पहिलं पाऊल त्यांचं पडायचं. फळी किती वाकते, कुठे डुगडुगते, ते त्यांच्या पायाला आधी कळायचं. वर जाऊन पहिलं पोतं ते स्वतः थप्पीला लावायचे आणि मग खाली बघून म्हणायचे, ‘या रं.’ मग बाकीचे निघायचे. त्यांना अरबी येत नव्हतं. चौथीपर्यंतची शाळा झालेली. पण शब्दाचा अर्थ ते दररोज पहाटे करून दाखवत होते.

मग मी याच अर्थाचे शब्द गोळा करत गेले. ‘पेशवा’ फारसी, पेश म्हणजे पुढे. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना जे पद दिलं, त्या पदाच्या नावाचा अर्थ पुढे चालणारा एवढाच. ‘पुढारी’ आपला मराठी. ‘नेता’ आणि ‘नायक’ संस्कृत, नेणारा. आणि इंग्रजीत तुमच्याच शेडमध्ये बोलला जाणारा शब्द घ्या, ‘फोरमन’. फोर म्हणजे पुढचा, मन म्हणजे माणूस. शनिवारवाड्यातला पेशवा, कुपवाडचा फोरमन आणि सांगलीच्या यार्डातले माझे आबा, तिघांच्या पदाचा अर्थ एक. हे मला बी.ए.च्या वयात कळलं. शाळेत कळायला हवं होतं. त्या मुलीला मी उत्तर दिलं असतं.

म्हणून तुमच्या ‘बरं की वाईट’ला माझं उत्तर असं. बॉस म्हणू द्या. त्याने मालकाच्या जागी आणलेला शब्द आहे, आणि तो त्याने स्वतः शोधलाय. त्याला दुसरा शब्द देऊ नका. आपल्या भागात माणसं मोठ्या माणसाला काय म्हणायचं ते आपणच ठरवतात. बेचाळीसच्या लढ्यातली इथली माणसं आठवा. क्रांतिसिंह नाना पाटील झाले नाना, वसंतराव पाटील झाले वसंतदादा, वाळव्याचे नागनाथ नायकवडी झाले नागनाथअण्णा. पदं येत गेली, जात गेली, लोकांनी हाक बदलली नाही. उद्या ते पोरगं आपसूक ‘अण्णा’ म्हणायला लागेल किंवा नाही लागणार.

एक मात्र विचारायचंय. तुमच्या पत्रात दोन लेथ आहेत, ड्रिल आहे, तुटलेलं टूल आहे, चहासुद्धा आहे. त्या पोराचं नाव नाही. छापायचं नाही म्हणून लिहिलं नसेल, तर काही म्हणणं नाही. पण शेडमध्ये तुम्ही त्याला काय हाक मारता?

प्रश्न : आपल्याकडे मंत्री म्हणजे केवढा थाट, आणि चर्चमधल्या धर्मोपदेशकालाही इंग्रजीत ‘मिनिस्टर’ म्हणतात. हे कसं?
(एक वाचक, वाई)

उत्तर : विश्वकोश ज्या गावात घडला तिथून शब्दाचा प्रश्न आला की आनंद होतो.

लॅटिनमध्ये दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत. ‘मॅगिस’ म्हणजे अधिक, त्यावरून ‘मॅजिस्टर’, म्हणजे वरचा. ‘मायनस’ म्हणजे उणे, त्यावरून ‘मिनिस्टर’, म्हणजे खालचा, सेवा करणारा. गणितात आपण जे मायनस शिकतो, तेच हे. मॅजिस्टरचा मास्टर झाला, मॅजिस्ट्रेट झाला, आणि आपल्या शाळेतला मास्तरही झाला. मिनिस्टर हा देवाचा सेवक म्हणून चर्चमध्ये राहिला आणि राजाचा सेवक म्हणून दरबारात गेला. म्हणजे शब्दांच्या घरात मास्तर वरच्या मजल्यावर आणि मिनिस्टर खालच्या. शिक्षकांच्या बदल्यांचे अर्ज घेऊन जे मंत्रालयाच्या पायऱ्या चढले आहेत, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी समजू शकते.

आपला ‘मंत्री’ मात्र वेगळ्या मुळाचा आहे. मंत्र म्हणजे मसलत, ती देणारा तो मंत्री. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी पदनामं बदलून संस्कृत घेतली, तेव्हा वाकनीस होता त्याचा मंत्री झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. दरबारी व्यवहाराचे शब्द बदलण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेणारा राजा आपल्याला मिळाला. पदाला काय म्हणायचं, हा प्रश्न त्या धामधुमीतही त्यांना लहान वाटला नाही.

प्रश्न : मी कराडला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. कॉलेजात ‘चीफ’ आणि ‘शेफ’ दोन्ही शब्द ऐकते. माझी आजी खानावळीत भाकऱ्या करते. ती म्हणते, चीफ शेफ म्हणजे मोठी आचारीणच की गं! दोन्ही एकच का?
(एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : एकच. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत दोनदा आलं. आधी आलं ते चीफ झालं. नंतर स्वयंपाकघराच्या प्रमुखासाठी पुन्हा आलं ते शेफ राहिलं. त्याच डोक्याचा कॅप्टन, ज्याला आपण कप्तान करून टाकलं. तेव्हा चीफ शेफ म्हणजे डोक्यांचं डोकं. फारसीत डोक्याला ‘सर’ म्हणतात, संस्कृत ‘शिर’चा तो सख्खा भाऊ. त्यावरून सरपंच, सरदार, सरकार, आणि सरनोबत. तुझ्या कराडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते महाराजांचे सरनोबत होते. वर्गात तू शिक्षकांना म्हणतेस तो ‘सर’ मात्र या घरातला नाही. तो लॅटिन ‘सीनियर’वरून झिजत आला, अर्थ थोरला.

पण आजीसाठी माझ्याकडे याहून चांगला शब्द आहे. इंग्रजीतला ‘लॉर्ड’ ऐकलास ना? हजार वर्षांपूर्वी तो लांबलचक जोडशब्द होता, ‘ह्लाफ-वेअर्ड’. ह्लाफ म्हणजे पाव, आजच्या भाषेत लोफ. वेअर्ड म्हणजे राखणारा. इंग्रजांच्या सगळ्या बड्या सरदारांच्या किताबाचा अर्थ भाकरीचा राखणदार. आपण ‘लाखांचा पोशिंदा’ म्हणतो, त्याच जातीचा शब्द. आणि ‘लेडी’? तीही तशीच झिजली आहे. मूळ शब्द ‘ह्लाफ-डिगे’, म्हणजे पावाची कणीक मळणारी.

आजी संध्याकाळी परात पुढे ओढून पिठात पाणी घालायला लागली की तिला हे सांग, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.